फ्रीझर बंद पडला की "गॅस गेला" ऐकून लगेच पैसे काढू नका



१ जून ते ३१ जुलै बंदी. या दोन महिन्यांत बाजारात बसणाऱ्या आपल्या भगिनींचा धंदा बऱ्याच अंशी घरातल्या डीप फ्रीझरवर चालतो. नेमका याच दिवसांत तो बंद पडतो, कारण पावसात वीज येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं. मेकॅनिकला फोन केला तर "उद्या येतो" म्हणतो, आणि तो उद्या चार दिवस येत नाही. आला तर मागे वाकून बघतो आणि म्हणतो, "बाय, गॅस गेला, भरावा लागेल." अडीच-तीन हजार हातात घेऊन जातो. पंधरा-वीस दिवसांनी परत तेच. तेव्हा फोन उचलत नाही. ही तक्रार सोसायटीच्या ऑफिसात दर पावसाळ्यात येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे गॅस. फ्रीझरचा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद पाइपमध्ये फिरत राहतो, दहा वर्षं तोच. कमी झाला म्हणजे कुठेतरी पाइपला भोक आहे. ते भोक न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या होडीतलं पाणी उपसत बसणं. खरं काम असं असतं: पाइपमध्ये नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती जोडायची, फिल्टर नवा घालायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि मग मशीनच्या पट्टीवर लिहिलंय तितकाच गॅस वजन करून भरायचा. याला वेळ लागतो. जो माणूस फक्त एक छोटा डबा आणि पाना घेऊन येतो आणि वीस मिनिटांत "झालं" म्हणतो, त्याने यातलं काही केलेलं नाही.

हल्लीच्या बऱ्याच मशीनच्या पट्टीवर आर-६००ए असं लिहिलेलं असतं. हा आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा गॅस. घरगुती फ्रीजमध्ये तो बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत असतो, म्हणून एरवी घाबरायचं कारण नाही. पण गॅस आत असताना पाइपवर वेल्डिंगची ज्योत लावायची नाही आणि शेजारी चूल पेटती ठेवायची नाही. मेकॅनिकला सरळ विचारा, "यात कुठला गॅस आहे?" पट्टी न बघता उत्तर देत असेल तर त्याला हात लावू देऊ नका.

दुसरं, प्रत्येक वेळी गॅसच गेलेला असतो असं नाही. कॉम्प्रेसर "टक्" करून सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, असं असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी असतं, नाहीतर रिले, ओव्हरलोड किंवा कपॅसिटर गेलेला असतो. हे भाग काही शे रुपयांचे. कॉम्प्रेसर बदलायला मात्र कित्येक हजार लागतात, म्हणून तो गेला असं सांगितलं तर आधी या छोट्या भागांची तपासणी समोर करून दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. दाराचं रबर बघायला मेकॅनिक नको. दारात नोट धरून दार बंद करा, नोट सहज ओढून निघाली तर थंड हवा तिथूनच जाते. आणि आपल्याकडे खारी हवा. मागची जाळी, पाइप लवकर गंजतात. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, प्लग काढून महिन्यातून एकदा धूळ आणि खार कोरड्या फडक्याने पुसा. जमीन सदा ओली, त्यात अर्थिंग नसेल तर शॉक बसतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, हा खर्च वाया जात नाही.

मेकॅनिक येईपर्यंत मालाचं काय? दार उघडू नका, एवढंच. पूर्ण भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो. दर तासाला "बघूया कसं आहे" करत उघडलं तर हे गणित चालत नाही. त्याहून उशीर होणार असेल तर बर्फाच्या पेटीत माल हलवा. बांगडा, तारली यांच्या बाबतीत जास्तच जपा. हे मासे गरम राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून किंवा परत गोठवून जात नाही. वास बरा असला तरी गिऱ्हाइकाच्या अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी येऊ शकते. तो माल फेकायला जीव तुटतो, पण विकू नये.

आता फसवणुकीचं. इंटरनेटवर कंपनीचा कस्टमर केअर शोधताना खोटे नंबर मिळतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनवरच्या स्टिकरचाच घ्या. "दहा रुपये भरून बुकिंग करा, ॲप डाउनलोड करा, ओटीपी सांगा" म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

बिल मात्र घ्याच. काय बदललं, किती दिवसांची हमी, हे लिहून. बिलाशिवाय पुढे काहीच होत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं. "तुम्ही धंद्याला वापरता, तुम्ही ग्राहक नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्यालाही ग्राहक धरलं आहे. कंपनीची वॉरंटी ही वेगळी भानगड. घरगुती मशीन धंद्याला वापरली तर वॉरंटी नाही, अशी ओळ पुष्कळ कार्डांवर असते. विकत घेतानाच वाचा.

मेकॅनिकांचीही बाजू आहे. चांगले कारागीर थोडेच, त्यातले काही आखातात गेले, आणि पावसात सगळ्यांचे फोन एकदम. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एसीचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावी झालेल्या आपल्या मुलांपैकी दोघा-तिघांनी जरी केला, तरी गावचा प्रश्न सुटेल आणि त्यांना बंदीच्या दिवसांतही काम असेल. कोणाला चौकशी करायची असेल तर मला भेटा, फॉर्म भरायला मदत करीन.

तोपर्यंत ऑफिसच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्याने तुमचं काम नीट केलं त्याचं नाव, फोन, किती घेतले आणि काम किती महिने टिकलं, एवढं लिहा. ज्याने फसवलं त्याचं नाव वहीत लिहू नका, त्यातून भांडणं होतात. बिल घेऊन माझ्याकडे या, आपण १९१५ ला एकत्र फोन लावू. वही सकाळी दहा ते एक बघायला मिळेल, रविवार सोडून.

आपला,
सचिव