सूचना वस्तीपर्यंत पोहोचते तेव्हा

नागरिक मंडळ म्हटले की गणेशोत्सव, कोजागिरी आणि पंधरा ऑगस्टचे ध्वजवंदन एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते, आणि अनेक मंडळांचे काम खरोखरच तेवढ्यावर थांबते. परंतु या संस्थेचे नागरी जीवनातील मोल उत्सवांत नसून, शासकीय कार्यालयांत जे ठरते ते ज्यांच्या दारात घडणार आहे त्यांना वेळेत कळवण्यात आहे. नागरिक मंडळ ही एखाद्या वस्तीतील रहिवाशांनी स्वेच्छेने स्थापन केलेली आणि नोंदणी केली असल्यास बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था असते. १९६० च्या कायद्याखालील गृहनिर्माण सहकारी संस्था इमारतीची किंवा भूखंडांची व्यवस्था पाहते आणि सभासदांकडून देखभालखर्च वसूल करू शकते. नागरिक मंडळाला असा कोणताही अधिकार नसतो. त्याला कर लावता येत नाही, रस्ता खोदणाऱ्याला थांबवता येत नाही, की नळाला पाणी सोडता येत नाही. त्याच्या हाती असते ती केवळ माहिती.

नागपुरात या माहितीची गरज अधिक भासते, कारण येथे एकाच रस्त्यावर अनेक यंत्रणांचे राज्य चालते. महानगरपालिकेचा कारभार दहा झोनमध्ये विभागलेला आहे, तर १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने अस्तित्वात आलेली नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नागपूरकरांच्या तोंडची ‘नासुप्र’, शहराच्या मोठ्या भागात भूखंड पाडण्याचे, ते नियमित करण्याचे आणि विकासशुल्क घेण्याचे काम करत आली आहे. पाणीपुरवठा २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे, वीज महावितरणकडे, मेट्रोचे खांब महामेट्रोकडे आणि शहरातून जाणारे महामार्ग आणखी निराळ्या प्राधिकरणाकडे आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून परवानगीविना वसलेले ले-आऊट, म्हणजे अभिन्यास, २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित करण्याची सोय झाली, तेव्हा ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे ले-आऊटच्या याद्यांची नावे म्हणून नागपूरच्या बोलण्यात रूढ झाले. आपला भूखंड कोणत्या यादीत आहे, नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ‘आरएल’, मिळाले आहे की नाही, आणि मोकळ्या सोडलेल्या सार्वजनिक वापराच्या जागेचा ताबा मनपाकडे आहे की नासुप्रकडे, हे ठाऊक नसलेला भूखंडधारक तुंबलेल्या गडरलाईनची, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीची, तक्रार घेऊन चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो. कोणते काम कोणत्या दारी न्यायचे, हे सांगणे हेच अशा वस्तीत मंडळाचे पहिले काम ठरते.

दुसरे काम मुदतीचे आहे, आणि ते अधिक नाजूक आहे. शहराच्या विकास योजनेत एखाद्या जागेचे आरक्षण बदलायचे असेल, उदाहरणार्थ उद्यानाची जागा निवासी वापरासाठी द्यायची असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार जाहीर सूचना काढून ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात. झाडे तोडण्यासंबंधी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यातही जाहीर सूचनेची तरतूद आहे. या सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत, सर्व्हे क्रमांक आणि मौज्याच्या नावासह छापल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यामुळे जनतेला माहिती दिली गेली, परंतु आपले घर मौजा अंबाझरीत येते हे घरमालकालाच ठाऊक नसेल तर ती सूचना त्याच्यासाठी न दिल्यासारखीच असते. मुदत संपल्यावर केलेल्या तक्रारीला कार्यालयात कागदाचीही किंमत राहत नाही. म्हणून मौज्याचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि वस्तीतील ओळखीची खूण यांची सांगड घालून ‘अमुक चौकातील मैदानाविषयी ही सूचना आहे, हरकत या तारखेपर्यंत या कार्यालयात द्यायची’ असे दोन ओळींत सांगणारा मंडळाचा फलक अनेक निवेदनांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. अजनीच्या रेल्वे वसाहतीतील हजारो वृक्षांच्या तोडीविरुद्ध काही वर्षांपूर्वी नागरिकांनी आवाज उठवला, तेव्हा मनपाकडे लेखी हरकती दाखल करणे हाच त्या विरोधाचा एक मुख्य मार्ग होता.

सततच्या पाठपुराव्याचे नागपुरातील ठळक उदाहरण म्हणून धंतोली नागरिक मंडळाकडे पाहता येते. सीताबर्डीला लागून असलेली धंतोली ही बंगल्यांची, वकील-प्राध्यापकांची जुनी आणि शांत वस्ती होती. रेल्वे स्थानक आणि वर्धा मार्ग जवळ असल्यामुळे तेथे आणि शेजारच्या रामदासपेठेत रुग्णालये वाढत गेली, विदर्भातून व मध्य प्रदेशातून येणाऱ्या रुग्णांची आणि नातेवाइकांची वाहने अरुंद रस्त्यांवर उभी राहू लागली, आणि रुग्णवाहिकेलाच रुग्णालयापर्यंत पोहोचणे कठीण होऊन बसले. या मंडळाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. जनहित याचिका म्हणजे स्वतःच्या खासगी लाभासाठी नव्हे, तर सार्वजनिक प्रश्नासाठी न्यायालयापुढे ठेवलेले गाऱ्हाणे. मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेल्या जागेचा प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो, एकेरी वाहतूक कोणत्या रस्त्यावर असावी आणि आधीच कोंडलेल्या वस्तीत नव्या रुग्णालयाला परवानगी द्यावी का, हे प्रश्न त्यातून ऐरणीवर आले. अशा लढ्यात भावनेपेक्षा नोंदवहीचे वजन जास्त असते, कारण इमारतीचा मंजूर नकाशा काय सांगतो आणि तळघरात प्रत्यक्षात काय चालते, यांची तुलना रोज तेथून ये-जा करणारा रहिवासीच सर्वांत नेमकेपणाने करू शकतो. रुग्णालये हवीतच; वाद ती कोठे आणि किती असावीत याचा आहे, आणि येथे मंडळाचे हित व बाहेरगावच्या रुग्णाचे हित नेहमी एकच असेल असे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

माहितीच्या अभावाची किंमत नागपूरने सर्वांत जास्त मोजली ती २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि त्याखालून शहरात शिरणाऱ्या नाग नदीने काठ सोडून अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कार्पोरेशन कॉलनी, शंकरनगर अशा वस्त्यांतील घरांत प्रवेश केला. लोक झोपेत होते. जीवितहानी झाली, हजारो घरांतील धान्य, कागदपत्रे आणि गाड्या चिखलात गेल्या. अंबाझरीचा मातीचा बांध एकोणिसाव्या शतकातील आहे. त्याच्या भक्कमपणाचा, सांडव्यापुढे उभारलेल्या स्मारकाच्या जागेचा आणि नदीपात्रातील अडथळ्यांचा प्रश्न पुढे पूरग्रस्त रहिवाशांच्याच याचिकेमुळे उच्च न्यायालयात तपासला जाऊ लागला. तलाव मनपाचा, बांधाच्या सुरक्षिततेचे तांत्रिक ज्ञान जलसंपदा विभागाकडे आणि पंचनामे महसूल विभागाचे, अशी वाटणी असताना ‘पाणी सांडव्यावर आले, खालच्या वस्तीने सावध व्हावे’ हे एक वाक्य त्या रात्री वेळेवर कोणी सांगितले नाही. शिवाय महापालिकेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता, आणि ही स्थिती जवळपास चार वर्षे टिकली. दार ठोठावायला हक्काचा नगरसेवकच नसलेल्या त्या काळात पंचनाम्यात कोणाचे घर सुटले, मदतीसाठी कोणते कागद लागतात, हे शेजाऱ्यांना शेजाऱ्यांनीच सांगितले.

रोजच्या बातम्या याहून साध्या असतात. पाणी बंद राहण्याच्या सूचनेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘शटडाऊन’मध्ये, जलकुंभाचे नाव असते, म्हणून आपले नळ कोणत्या जलकुंभावर आहेत हे घरोघरी माहीत असणे बरे. जुन्या रस्त्यावर सिमेंटचा थर चढून रस्ता अंगणापेक्षा उंच होणार असेल, तर ते कंत्राटदाराचे यंत्र आल्यावर नव्हे, काम मंजूर होतानाच कळायला हवे.

मात्र मंडळांचे कौतुक करताना त्यांचे दोषही झाकू नयेत. बहुतेक मंडळांचे सभासदत्व भूखंडधारकांना मिळते. भाडेकरू, वसतिगृहातील विद्यार्थी आणि ले-आऊटला लागून असलेल्या झोपडपट्टीतील कुटुंबे त्यात नसतात, जरी नाल्याचे पाणी सर्वांत आधी त्यांच्याच घरात शिरते. पदाधिकारी निवृत्त पुरुष, आणि स्वयंपाकाच्या ऐन वेळी पाणी जाते तेव्हा ज्यांची तारांबळ उडते त्या स्त्रिया सभेच्या मागच्या रांगेत, हे चित्रही सर्रास दिसते. मिळालेली खबर तपासल्याविना पुढे ढकलण्याची घाई तर सगळ्यांनाच असते. तारीख, कार्यालय आणि मूळ कागद यांपैकी एकही गोष्ट सोबत नसेल तर तिला माहिती म्हणू नये, ती चावडीवरची चर्चा झाली.

सभासदत्वाच्या उणिवेवर कायद्याने एक उपाय सुचवला होता. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २००९ मध्ये ‘क्षेत्र सभे’ची तरतूद केली, जिच्यात त्या भागातील प्रत्येक मतदार, घरमालक असो वा भाडेकरू, आपोआप सदस्य ठरतो; परंतु ही तरतूद कागदावरच राहिली आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे चौथे कलम मात्र कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सतरा प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर घालते, आणि त्याचा वापर करण्यासाठी मंडळाची नोंदणीही लागत नाही. अशी माहिती मागण्याची सुरुवात नद्यांपासून करता येईल: नाग, पिवळी आणि पोहरा या नद्यांची सफाई मनपा पावसाळ्यापूर्वी हाती घेते. आपल्या वस्तीजवळचा नाल्याचा टप्पा यंदाच्या यादीत आहे का, हे वाचकांनी मे महिन्यातच झोन कार्यालयात जाऊन विचारावे आणि मिळालेले उत्तर तारखेसह फलकावर लिहावे.