आकड्यांना भुलू नका!

परवा पुतण्याने हप्त्यावर घेतलेला डिजिटल कॅमेरा घरी आणला. फोटोसाठी आजीला दारात बसवले. हा मोड, तो मोड, मेनूच्या पोटात मेनू! त्याचा मेळ बसेपर्यंत आजी कंटाळून उठूनही गेली.

वाचकहो, कॅमेरा गरिबाच्या हाती आला तो साधेपणामुळे. १९०० साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीने 'ब्राउनी' काढला. पुठ्ठ्याचा डबा, साधे भिंग, किंमत एक डॉलर. लहान मुलेही तो चालवीत.

आज खोक्यावरचे आकडे पाहून आपण पैसे मोजतो. जरा हिशेब करू. सहा बाय चार इंचांचा फोटो, इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बमच्या फोटोला दोन-तीन मेगापिक्सेल पुरतात! भिंतीएवढे चित्र करायचे असेल तर गोष्ट वेगळी. डिजिटल झूम तर मधला भाग कापून मोठा करतो. नवे काही दाखवीत नाही.

आणि गंमत पाहा. २०१६ मध्ये लायका कंपनीने मागे पडदाच नसलेला 'एम-डी' हा डिजिटल कॅमेरा काढला. किंमत सुमारे सहा हजार डॉलर! एका डॉलरचा साधेपणा श्रीमंतांची चैन झाला.

तेव्हा कॅमेरा असो वा मोबाइल, दुकानात आईला सोबत न्या. तिच्या हाती द्या. तिला न विचारता फोटो काढता आला, तरच पैसे मोजा.