फकिरा : ज्याला वकील लागला नाही

नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, पायी आलेले भाविक असा सगळा तालुका लोटतो. जत्रा म्हणजे गावाची इज्जत, हे आम्हा चांदवडकरांना वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ हाती घेतली की पहिल्याच प्रकरणात आपण गुंतून जातो. वाटेगावला जत्रा नाही, शिगावला आहे. जोगणी म्हणजे त्या जत्रेचा मान. शिगावची जोगणी जो आपल्या शिवेत आणील, त्याच्या गावची जत्रा. हे जोखमीचं काम राणोजी मांग पत्करतो. जोगणी वाटेगावात येते, राणोजी मात्र जिवानिशी जातो.

ज्याच्या रक्तावर गावाची जत्रा उभी राहिली, त्याचं घर मांगवाड्यात, गावकुसाबाहेर. पुढं सगळी कादंबरी या एका विसंगतीचा हिशेब मागत राहते. राणोजीचा मुलगा म्हणजे फकिरा.

अण्णा भाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, कामगार चळवळीत शाहीर झाले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ 1959 मध्ये आली आणि 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा लेखकाच्या आजोळच्या नात्यातला माणूस. त्याच्या कथा अण्णा भाऊंनी लहानपणी घरातच ऐकल्या होत्या.

या कथेच्या पाठीशी एक कायदा उभा आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 मध्ये त्याची पकड आणखी घट्ट केली. गुन्हा शाबीत व्हायची गरज उरली नाही, अमुक जमातीत जन्म झाला एवढं पुरे. नोंदवहीत नाव चढायचं, मग ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि गाव सोडायचं तर परवानगी काढायची. स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षांनी, 1952 मध्ये, हा कायदा रद्द झाला.

कादंबरीत ही हजेरी मांगवाड्यावर येते तेव्हा वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो. कर्ते, ताठ मानेचे पुरुष चावडीपुढं उभे राहतात, नाव पुकारलं जातं आणि ‘हजर’ म्हणावं लागतं. पोटासाठी परगावी जायची सोय नाही. त्याआधी दुष्काळ येऊन गेलेला असतो. माणसं उपाशी मरू लागतात तेव्हा गावचे विष्णुपंत कुलकर्णीच सांगतात, काहीही करा पण जगा. फकिरा माळवाडीचं धान्य लुटतो आणि भुकेल्यांच्या घरी पोचवतो. पुढं बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. चोर कोण, भुकेसाठी धान्य उचलणारा की माणसाला जन्मतःच चोर ठरवणारा? हा प्रश्न अण्णा भाऊ भाषण न देता, घटनांमधून विचारतात. सरकार निरपराध माणसांना वेठीस धरतं, तेव्हा त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो.

‘फकिरा’नंतर वर्षभरानं, 1960 मध्ये, अमेरिकेत हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली. तिला 1961 मध्ये पुलित्झर मिळालं. अलाबामातल्या एका गावात टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसावर बलात्काराचा आळ येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील जीव तोडून त्याची बाजू मांडतो, तरी ज्यूरी टॉमला दोषी ठरवते. ही थोर कादंबरी आहे. पण तिच्यात टॉमची कहाणी आपल्याला सांगते ती वकिलाची लहान मुलगी. टॉमच्या घरात, त्याच्या मनात आपण फारसे शिरत नाही. ‘फकिरा’त आपण थेट मांगवाड्यात बसतो. फकिराच्या आईचा, राधेचा शोक, तिथली कुजबुज, तिथला राग आपल्या कानांवर पडतो. विष्णुपंत आणि शंकरराव पाटील ही गावातली भली माणसं पाठीशी उभी राहतात, पण कथा त्यांची होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच नायक, आणि लिहिणाराही त्याच्याच घरातला. माझ्या मते ‘फकिरा’चं मोठेपण इथं आहे.

अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. त्या लेखणीमागचा लढा आमच्या नाशिक जिल्ह्यानं जवळून पाहिला आहे. 2 मार्च 1930 रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. येवला आणि मनमाड ही आमच्या रोजच्या एसटीच्या पाटीवरची गावं. वाटेगाव लांब असलं, तरी ‘फकिरा’ आम्हाला परकी नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मोठ्यांनी राणोजीचं प्रकरण मुलांना मोठ्यानं वाचून दाखवावं. आणि वाचून झालं की एवढंच विचारावं : गावात जत्रा आणली कोणी, आणि त्याला गावात घर का नव्हतं?