गुढी काळी, चाँद पांढरा ठिपका!

रविवारी, ३० मार्च २०२५ला, माहूरमध्ये मोबाईल दोनदा आभाळाकडे रोखले जाणार होते. सकाळी पाडव्याची गुढी उभी राहील तेव्हा, आणि संध्याकाळी २९वा रोजा सुटल्यावर, गच्च्यांवर ईदचा चाँद शोधला जाईल तेव्हा. दोन्ही वेळा बऱ्याच जणांची निराशा ठरलेली. गुढीच्या फोटोत खण, साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा सगळे काळेठिक्कर आणि मागे आभाळ मात्र लख्ख. संध्याकाळी नेमके उलटे. डोळ्यांना कापलेल्या नखासारखी नाजूक दिसणारी कोर फोनमध्ये कापसाच्या बोळ्यासारखी फुगते, नाहीतर येतच नाही. मग ‘आपल्या फोनचा कॅमेराच बेकार’ असे म्हणून विषय संपतो. कॅमेरा मात्र बहुतेक वेळा ठीक असतो. त्याला आपल्याला काय हवे ते कळलेले नसते, एवढेच.

पाडवा आणि चाँदरात एकाच दिवशी येणे यात चमत्कार काही नाही. दोन्ही हिशेब एकाच चंद्राचे आहेत. शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमारास अमावास्या संपते. तिथून पंचांगाची प्रतिपदा सुरू, आणि रविवारी संध्याकाळी जी कोर दिसायची ती शव्वालचा हिलाल. आपल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्याच चौकोनात ‘चंद्रदर्शन’ असे छापलेले सापडेल. फरक इतकाच, की पंचांग गणितावर चालते आणि इस्लामी महिना डोळ्यांनी पाहण्यावर. दिसला तर सोमवारी ईद. ढग आले किंवा दिसला नाही, तर ३० रोजे पूर्ण करून मंगळवारी.

माहूरला फोटोचे अप्रूप नाही. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूया मातेचे शिखर, सोनापीर बाबांची दर्गाह, किल्ला, पांडवलेणी हे सगळे पाहायला येणारा प्रत्येक जण खिशात कॅमेरा घेऊनच येतो. पण त्या कॅमेऱ्यातले ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ नावाचे दार फारच थोड्यांनी उघडलेले असते. चाँदरातीला ते उघडून पाहायला हरकत नाही.

आधी फोनचा स्वभाव समजून घेऊ. आपण बटण दाबतो त्याच्या आधीच फोन समोरचा उजेड मोजतो आणि सगळे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे, ना फार पांढरे ना फार काळे, असे यावे म्हणून हिशेब करतो. फोटोग्राफीच्या दुनियेत यासाठी १८ टक्के करडा रंग हे जुने माप आहे. गुढीच्या मागे आभाळ फार उजळ असते. फोन ते आभाळ मध्यम करायला जातो आणि गुढी काळी पडते. संध्याकाळी दृश्याचा मोठा भाग अंधारा असतो. फोन तो अंधार उजळायला जातो आणि चिमूटभर कोर जळून पांढरी होते. चूक दोन्हीकडे एकच आहे, दिशा तेवढी उलटी.

उपाय पहिल्या पायरीवर अगदी सोपा आहे आणि त्याला प्रो मोडही लागत नाही. पडद्यावर जे महत्त्वाचे आहे त्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये तिथे लहानसा सूर्य किंवा एक पट्टी उमटते. बोट वर सरकवले की चित्र उजळते, खाली सरकवले की गडद होते. सकाळी गुढीवर बोट टेकवून वर, संध्याकाळी चाँदवर टेकवून खाली. आयफोनमध्ये बोट थोडा वेळ दाबून धरले की ते माप तिथेच कुलूपबंद होते आणि फोन पुन्हा आपल्या मनाने बदल करत नाही. अनेक अँड्रॉइड फोनही असेच वागतात.

चाँदसाठी मात्र एवढे पुरत नाही, कारण तो फोनच्या मानाने फार लहान आहे. आभाळात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश. १२ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्यात अख्खा चंद्र साधारण ३० ठिपक्यांत मावतो. त्या रविवारी त्याचा सुमारे २ टक्केच भाग उजळलेला असणार होता. म्हणजे कोरीची जाडी एका ठिपक्याइतकीही भरत नाही! बोटांनी पडदा ताणून झूम केले तर फोन तेच ठिपके मोठे करून दाखवतो, नवे काही आणत नाही. ज्या फोनमध्ये खरी टेलिफोटो भिंग आहे, तीनपट किंवा पाचपट, तिथेच थोडा तपशील मिळतो. हे आधी मनाशी पक्के केले की अपेक्षाही रास्त राहतात. साध्या फोनवर चाँदचा चांगला फोटो म्हणजे मोठा चाँद नव्हे. खाली मिनार किंवा डोंगराची रेघ, वर रंग बदलणारे आभाळ आणि त्यात एक बारीक, स्वच्छ कोर, असा तो असतो.

आता प्रो मोड. तिथे तीन-चार आकडे दिसतात आणि माणूस बिचकतो. मोठ्या कॅमेऱ्यात उजेड तीन ठिकाणी आवरता येतो. भिंगाचे छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि संवेदकाची ग्रहणशक्ती, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची. बहुतेक फोनमध्ये छिद्र कायमचे ठरलेले असते, म्हणून उरतात दोनच. शटरची वेळ निम्मी केली की उजेड निम्मा. आयएसओ दुप्पट केला की चित्र दुप्पट उजळ, पण त्याबरोबर दाणे येतात, जणू फोटोवर रवा सांडला. म्हणून चाँदसाठी आयएसओ १०० किंवा त्याहून कमी ठेवावा आणि सगळा खेळ शटरवर खेळावा.

सुरुवात १/६० सेकंदापासून करा. कोर फुगलेली दिसली तर १/१२५, मग १/२५०. सगळेच काळे आले तर १/३०. आभाळ दर पाच मिनिटांनी गडद होत जाते, त्यामुळे सात वाजताचा आकडा सव्वासातला चालत नाही. पंधरा-वीस फोटो काढावेत, त्यातले दोन बरे निघतात. फोकस स्वयंचलित ठेवला तर फोन अंधारात धडपडतो, कोर कधी दिसते कधी विरते. तो हाताने सर्वांत दूरवर न्यावा. बऱ्याच फोनमध्ये तिथे डोंगराचे चिन्ह असते. फ्लॅश बंद. नाइट मोडही बंद, कारण तो अनेक चित्रे एकावर एक रचून अंधार उजळतो आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. फोन कठड्यावर विटेला टेकवून ठेवावा आणि बटण दाबायच्या हिसक्याने हलू नये म्हणून दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. आणि हो, भिंग पुसावे. रमजानमध्ये मगरिबनंतर काढलेल्या निम्म्या धूसर फोटोंचे कारण इफ्तारच्या भज्यांचे तेलकट बोट असते.

पाहायचे कुठे, हेही सांगायला हवे. त्या रविवारी माहूरला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळणार होता आणि त्यानंतर चंद्र सुमारे तासभर आभाळात असणार होता. सूर्यास्तानंतर लगेच शोधू नये, उजेड फार असतो. खजूर खाऊन, मगरिबची नमाज उरकून वीस-पंचवीस मिनिटांनी वर यावे. हात पूर्ण लांब करून सूर्य मावळल्या जागेपासून तीन बोटे उजवीकडे सरकावे, आणि क्षितिजापासून एका मुठीपेक्षा थोडे कमी वर पाहावे. माहूरला डोंगरांचा वेढा आहे. घराच्या पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर ती मूठ तोच खाऊन टाकतो, म्हणून मोकळ्या पश्चिमेची उंच जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवलेली बरी. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत झूम लावून पश्चिमेला रोखू नये, भिंगासाठीही आणि डोळ्यांसाठीही.

आकडे पाहून घाबरणाऱ्यांनी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची गोष्ट आठवावी. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला गावावर उगवलेला चंद्र आणि कबरस्तानातल्या क्रुसांवर पडलेली शेवटची उन्हे दिसली. घाईत उजेड मोजायचे यंत्रच सापडेना. पण चंद्राचा पृष्ठभाग किती तेजस्वी असतो हा आकडा त्याला पाठ होता. त्याने गाव सोडून चंद्राचा हिशेब केला आणि एक सेकंदाचे चित्र घेतले. दुसरे घेण्याआधी ऊन क्रुसांवरून उतरले होते. ते चित्र जगप्रसिद्ध झाले, पण ते कोणत्या वर्षी घेतले हे अ‍ॅडम्सलाच नीट आठवत नव्हते. पुढे खगोल अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडले आणि उत्तर काढले: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे. चंद्र खरा उतरला होता म्हणून तो पन्नास वर्षांनीही आपली तारीख सांगू शकला.

आपल्याकडे या गोष्टीचा थेट उपयोग आहे. २९व्या रोजाच्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चाँदचे फोटो पावसासारखे येतात. कोणता आजचा, कोणता गेल्या वर्षीचा, कोणता दुसऱ्याच देशातला, काही कळत नाही. तोवर इकडे कुणी शीरखुर्म्याचे दूध आणायला निघालेले असते, बांगड्यांच्या दुकानात गर्दी झालेली असते, कुणी बाहेरगावी कामावर असलेल्या मुलाला ‘आज रात्रीच निघ’ म्हणून फोन केलेला असतो. दुसरीकडे तरावीह पढायची की नाही असा प्रश्न. अशा वेळी फोटोलाच दोन प्रश्न विचारावेत. मार्चमध्ये आपल्याकडे पहिली कोर होडीसारखी, जवळजवळ आडवी असते. कंसासारखी उभी किंवा जाड कोर दिसली तर तो फोटो आजचा आणि इथला नाही. आणि चाँदच्या वरच्या अंगाला एक ठळक तारा दिसतो का? १ मार्चला, रमजानच्या चाँदरातीला, तिथे शुक्र होता आणि त्या जोडीचे फोटो देशभर फिरले. ३० मार्चपर्यंत शुक्र संध्याकाळच्या आभाळातून गेला होता. रविवारी शुक्रासह चाँद आला, तर तो २९ दिवस शिळा समजावा.

दुसरी अडचण नवी आहे. २०२३च्या मार्चमध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दुरून सॅमसंगच्या फोनने टिपला. मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग फोनने काढलेल्या फोटोत उमटले. त्यावर कंपनीने खुलासा केला, की कॅमेऱ्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता चंद्र ओळखते आणि त्याचा तपशील ठळक करते, आणि ही सोय बंदही करता येते. फसवणूक की सजावट, यावर वाद घालता येईल. पण चाँदच्या बाबतीत हे नाजूक आहे. आपण पाहिलेले आणि फोनने ‘ओळखलेले’ यांत फरक राहिला पाहिजे. म्हणून झूम, सजावट आणि देखावा सुधारणाऱ्या सोयी बंद करून, आकडे हाताने ठरवून काढलेला साधा, लहान कोरीचा फोटो त्या रात्री जास्त मोलाचा. तोही मूळ स्वरूपात ठेवावा, फिल्टर न लावता, म्हणजे त्याची वेळ त्याच्यासोबत राहते.

तरीही चाँद जाहीर होतो तो फोटोवर नव्हे, पाहणाऱ्याच्या गवाहीवर. रुयत-ए-हिलाल कमिटी, म्हणजे चंद्रदर्शनाचा निर्णय करणारी समिती, माणसाला विचारते: तू पाहिलास का, कुठे, किती वाजता, कोर कोणत्या बाजूला झुकली होती? हे प्रश्न एखाद्या प्रयोगशाळेतले वाटतील, आणि ते नाते जुनेच आहे. बसऱ्यात ९६५च्या सुमारास जन्मलेल्या इब्न अल-हैसमने ग्रहणाच्या आकारावर एक प्रबंध लिहिला. सूर्याला ग्रहण लागले असता बारीक छिद्रातून आत येणारा उजेड समोरच्या भिंतीवर कोर उमटवतो, छिद्र मोठे केले की ती कोर हरवते, हे त्याने तपासले. चंद्राची कोर तशी का उमटत नाही, हाही त्याचा प्रश्न होता. आज खिशात असलेला कॅमेरा त्याच अंधाऱ्या खोलीचा वंशज.

चाँद दिसला, की पुढची परीक्षा ईदगाहवर. पांढरे कुर्ते, पांढऱ्या टोप्या, सकाळचे कोवळे ऊन. फोन पुन्हा सरासरी काढणार आणि दुधासारखे कपडे राखाडी, धुतलेच नसल्यासारखे येणार! इथे पट्टी थोडी वर सरकवावी, शून्यापासून अर्धा ते एक. फार वर नेली तर कापडाच्या सुरकुत्या आणि चिकनकारीचे काम पुसले जाते. गळाभेटीच्या फोटोत मोजमाप चेहऱ्यावर करावे, कपड्यावर नको, आणि सूर्य आपल्या पाठीशी नव्हे तर बाजूला ठेवावा, म्हणजे समोरच्याला डोळे मिचकवावे लागत नाहीत. नमाज चालू असताना सफेच्या पुढे जाऊन फोन रोखू नये, हे वेगळे सांगायला नको. दुआ संपेपर्यंत ऊन चढते, तेव्हा आकडे पुन्हा बघावे लागतील.