गोळी लागल्यावर काय होतं?

मुलुंडला आमच्याकडे महिनाअखेरीस रद्दीवाला येतो. अमेरिकेतला हौशी शिकारी अशीच वर्तमानपत्रांची रद्दी रात्रभर पाण्यात भिजवतो, घट्ट गठ्ठे करून खोक्यात भरतो आणि मोकळ्या माळावर त्यावर बंदूक झाडतो. मग थर उलगडत गोळी कुठवर गेली ते पाहतो. आपल्याकडे हा उद्योग करायचा नाही, हे आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आली आणि बंदुकीचा परवाना असला तरी सोसायटीची गच्ची म्हणजे काही चांदमारीचं मैदान नव्हे. पण त्या कागदात तो शोधतो काय?

शिकारीच्या गोळीचं टोक मुद्दाम मऊ शिशाचं किंवा पोकळ ठेवतात. आत शिरताच ते अळंबीसारखं फुलतं आणि गोळीची जाडी दुपटीच्या आसपास जाते. फार लवकर फुलली तर गोळी उथळ थांबते. फुललीच नाही तर आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन पळतं. लांबवर वेग मंदावला की चांगली गोळीही फुलत नाही. म्हणून शिकारी खोली मोजतो, फुललेल्या टोकाची रुंदी मोजतो आणि उरलेला तुकडा तराजूत घालतो. युद्धात मात्र अशा गोळ्यांना १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून त्यांना ‘दमदम गोळी’ हे नाव पडलं, म्हणजे बदनामीत आपलाही वाटा आहे!

कागदाची अडचण अशी की तो मांसापेक्षा जास्त अडवतो. प्रयोगशाळा म्हणूनच जिलेटिन वापरतात. एक भाग जिलेटिन, नऊ भाग पाणी, तापमान ४ अंश सेल्सिअस. त्यात साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारतात. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला, तरच ठोकळा चाचणीला योग्य. मे महिन्यात अंधेरीच्या स्वयंपाकघरात हा ठोकळा काही वेळातच मऊ पडेल, गोळी जास्त खोल जाईल आणि सगळी मापं फुकट! शिवाय जिलेटिनला हाडं नसतात, कातडी नसते.

कलिन्यासारख्या न्यायसहायक प्रयोगशाळेत तज्ज्ञांना उलट गोष्ट हवी असते. संशयित बंदुकीतून चाचणीसाठी झाडलेली गोळी न चेमटता परत मिळावी लागते, कारण नळीचे ओरखडे जुळवायचे असतात. त्यासाठी पाण्याची लांब टाकी किंवा कापसाने भरलेली पेटी वापरतात.

अर्धवट लागलेली गोळी काय करते, याचा दाखला चंपावतच्या वाघिणीचा. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं, तेव्हा तिच्या उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीमुळे तिला नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती नरभक्षक झाली, असं कॉर्बेटचं मत होतं.

आमच्या उपनगरांत बिबट्या वस्तीत शिरला, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं पथक भुलीचं इंजेक्शन बंदुकीने मारतं. इथे खोल घुसणं हाच धोका. जवळून जादा दाबाने मारलं तर हाड मोडेल, लांबून कमी पडलं तर सुई रुतणारच नाही. म्हणून अंतराप्रमाणे दाब ठरवायचा आणि मांड्यांसारख्या मांसल भागावर नेम धरायचा. त्यानंतरही भूल चढायला काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात गर्दीने आरडाओरडा केला की बिबट्या पुन्हा पळत सुटतो.