दुहेरी बाद पद्धत

दुहेरी बाद पद्धत ही स्पर्धेतील सामन्यांची रचना करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत कोणताही खेळाडू किंवा संघ दोन सामने हरल्याशिवाय स्पर्धेबाहेर जात नाही. साध्या बाद पद्धतीत एक पराभव होताच स्पर्धक बाद होतो, तर साखळी पद्धतीत प्रत्येक स्पर्धक इतर सर्वांशी खेळतो. दुहेरी बाद पद्धत या दोहोंच्या मधली मानली जाते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये ती रूढ आहे. ऑनलाइन खेळांच्या स्पर्धांत, विशेषतः स्ट्रीट फायटरसारख्या द्वंद्व-खेळांत आणि डोटा २ सारख्या सांघिक खेळांत, तिचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो.

पार्श्वभूमी

साध्या बाद पद्धतीत विजेता योग्य ठरला तरी उपविजेता योग्य ठरेलच असे नाही. ‘लुईस कॅरोल’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले इंग्रज गणितज्ञ चार्ल्स डॉजसन यांनी १८८३ साली लॉन टेनिस स्पर्धांविषयीच्या पुस्तिकेत हा दोष दाखवून दिला. प्रत्येक सामन्यात अधिक कुशल खेळाडूच जिंकतो असे गृहीत धरले, तरी ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता केवळ ३१ पैकी १६ इतकी असते. तो सर्वोत्तम खेळाडूच्याच अर्ध्या भागात आला, तर अंतिम सामन्यापूर्वीच बाद होतो.

दुहेरी बाद पद्धतीत हा दोष दूर होतो. वरील गृहीतकानुसार दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू फक्त सर्वोत्तम खेळाडूकडूनच हरू शकतो. त्या पराभवानंतर तो उरलेल्या सर्वांना हरवून अंतिम सामन्यात पोहोचतो. तिसऱ्या व त्यापुढील क्रमांकांबाबत मात्र अशी हमी देता येत नाही.

रचना

स्पर्धेच्या दोन शाखा असतात. सर्व स्पर्धक विजेता शाखेतून सुरुवात करतात. पहिला पराभव झालेला स्पर्धक पराभूत शाखेत जातो आणि तेथे हरल्यास बाद होतो. दोन्ही शाखांचे विजेते महाअंतिम सामन्यात एकमेकांशी खेळतात.

८ स्पर्धक असल्यास विजेता शाखेत ३ आणि पराभूत शाखेत ४ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत हरलेले चौघे पराभूत शाखेच्या पहिल्या फेरीत आपापसांत खेळतात. त्यातील दोन विजेत्यांची गाठ विजेता शाखेच्या उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी पडते. तिसऱ्या फेरीत त्यांतील दोन विजेते परस्परांशी खेळतात. चौथ्या फेरीत उरलेला स्पर्धक विजेता शाखेच्या अंतिम फेरीत हरलेल्या स्पर्धकाशी लढतो.

सामन्यांची संख्या

प्रत्येक सामन्यात एकाचा पराभव होतो. विजेता सोडून इतर प्रत्येकाला बाद होण्यासाठी दोन पराभव आवश्यक असतात आणि विजेत्याचा फार तर एक पराभव झालेला असतो. त्यामुळे एकूण सामने स्पर्धक-संख्येच्या दुपटीपेक्षा दोनने किंवा एकने कमी असतात. ८ स्पर्धकांसाठी १४ किंवा १५, तर १६ स्पर्धकांसाठी ३० किंवा ३१ सामने होतात. साध्या बाद पद्धतीत हीच संख्या अनुक्रमे ७ आणि १५ असते.

मानांकन व पुढे चाल

बलाढ्य स्पर्धक आरंभीच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून त्यांना मानांकन दिले जाते. ८ जणांत पहिल्याची गाठ आठव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी आणि तिसऱ्याची सहाव्याशी घालतात. स्पर्धक-संख्या ८, १६, ३२ अशी नसल्यास पुढील मोठी संख्या घेऊन रिकाम्या जागांइतक्या स्पर्धकांना पुढे चाल दिली जाते. उदाहरणार्थ, ११ स्पर्धक असतील तर १६ जागांचा तक्ता घेऊन पहिल्या ५ मानांकितांना पुढे चाल मिळते. पहिल्या फेरीत हरणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी होते आणि पराभूत शाखेतही काहींना पुढे चाल द्यावी लागते.

विजेता शाखेतून येणाऱ्यांना पराभूत शाखेत विरुद्ध बाजूला बसवण्याची प्रथा आहे. तसे न केल्यास नुकतेच एकमेकांशी खेळलेले स्पर्धक लगेच पुन्हा समोरासमोर येतात.

महाअंतिम सामना

विजेता शाखेतून आलेला स्पर्धक महाअंतिम सामन्यापर्यंत अपराजित असतो, तर त्याचा प्रतिस्पर्धी एकदा हरलेला असतो. अपराजित स्पर्धक येथे हरल्यास दोघांच्या नावावर एकेक पराभव होतो. म्हणून मूळ नियमानुसार आणखी एक निर्णायक सामना खेळवला जातो. खेळाडूंच्या बोलीत यास ‘ब्रॅकेट रीसेट’ म्हणतात. लास व्हेगासशी दीर्घकाळ जोडल्या गेलेल्या इव्हो या द्वंद्व-खेळांच्या स्पर्धेत हा नियम पाळला जातो.

डोटा २ च्या ‘द इंटरनॅशनल’ या स्पर्धेत मात्र पाचपैकी तीन डाव जिंकणाऱ्यास थेट विजेतेपद मिळते. २०१७ साली टीम लिक्विड हा संघ पराभूत शाखेतून येऊन न्यूबी संघाविरुद्ध ३-० ने विजयी झाला. न्यूबी संघाचा मुख्य फेरीतील तो पहिलाच पराभव होता. अशा रचनेत प्रेक्षक व प्रक्षेपणाची वेळ निश्चित राहते. परंतु दोन पराभवांनंतरच बाद होण्याची हमी अपराजित स्पर्धकापुरती संपते.

इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०११ पासून वापरली जाणारी बाद फेरीची रचना पूर्ण अर्थाने दुहेरी बाद नाही. तेथे फक्त पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना दुसरी संधी मिळते. २०१७ साली पुण्याच्या संघाने पहिल्या पात्रता सामन्यात मुंबई इंडियन्सला हरवले. मुंबईने दुसऱ्या संधीचा लाभ घेऊन हैदराबाद येथील अंतिम सामना एका धावेने जिंकला. बाद फेरीत दोन्ही संघांचा एकेकच पराभव झाला होता.

ऑनलाइन स्पर्धांचे संयोजन

स्वयंसेवकांनी चालवलेल्या ऑनलाइन स्पर्धांत तक्ता तयार करण्यासाठी चॅलोंज किंवा स्टार्ट डॉट जीजी (पूर्वीचे स्मॅश डॉट जीजी) यांसारख्या सेवा वापरल्या जातात. निकाल नोंदवताच स्पर्धकाला पुढील जागी बसवण्याचे काम त्या आपोआप करतात.

वेळ ही या पद्धतीतील मुख्य अडचण आहे. १६ स्पर्धकांच्या साध्या बाद स्पर्धेत एकापाठोपाठ ४ टप्पे होतात, तर दुहेरी बाद स्पर्धेत ते ९ पर्यंत जाऊ शकतात. प्रत्येक टप्प्याला ३० मिनिटे धरल्यास दोन तासांऐवजी साडेचार तास लागतात. त्यामुळे काही संयोजक आरंभीच्या फेऱ्या तीनपैकी दोन डावांच्या आणि शेवटच्या फेऱ्या पाचपैकी तीन डावांच्या ठेवतात.

दोन्ही शाखा परस्परावलंबी असल्याने एक रखडलेला सामना दोन्हीकडे खोळंबा करतो. गैरहजर खेळाडूला केवळ एका सामन्यात पराभूत ठरवल्यास तो पराभूत शाखेत जातो आणि तेथेही प्रतिस्पर्ध्याला ताटकळत ठेवतो. म्हणून स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ठरावीक वेळेत हजेरी घेऊन त्यानंतरच तक्ता निश्चित करणे इष्ट ठरते. प्रतीक्षेची कमाल मर्यादा, सामना मध्येच तुटल्यास काय करावे आणि महाअंतिम सामन्यानंतर दुसरा सामना होईल की नाही, हे नियमही आधीच जाहीर करावे लागतात.

गुण व मर्यादा

एखाद्या चुकीमुळे, प्रतिकूल सोडतीमुळे किंवा इंटरनेट जोडणीतील अडथळ्यामुळे झालेला एक पराभव भरून काढता येतो, हा या पद्धतीचा प्रमुख गुण होय. नवख्या खेळाडूलाही किमान दोन सामने मिळतात. २००४ साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झालेल्या इव्होमध्ये दायगो उमेहारा यांनी जस्टिन वाँग यांच्याविरुद्ध केलेला बचाव द्वंद्व-खेळांच्या इतिहासात विख्यात आहे. तो सामना पराभूत शाखेच्या अंतिम फेरीचा होता. साध्या बाद पद्धतीत हे दोघेही तोपर्यंत बाद झाले असते. उमेहारा पुढे महाअंतिम सामन्यात केन्जी ओबाता यांच्याकडून हरले.

दुसरी संधी मात्र श्रमाची असते. १६ जणांच्या पूर्ण तक्त्यात अपराजित खेळाडू ५ सामन्यांत विजेता होतो. पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला विजेतेपदासाठी एकूण ९ सामने खेळावे लागतात. प्रेक्षकांना दोन शाखांचा तक्ता समजण्यास कठीण जातो, हीदेखील या पद्धतीची एक मर्यादा मानली जाते.