शर्यतीआधीचे वर्ष : कबुतरांच्या नादाला लागलेल्या नव्या मुलांसाठी

परीक्षा आटोपल्या की जुन्या इंदुरात आमच्या गच्च्यांवर कबुतरे पाहायला येणारी मुले वाढतात. मोबाइलवर कुठली तरी शर्यत पाहिलेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काका, होमरची जोडी कितीला मिळेल?" आमचे उत्तरही ठरलेले असते. विकत आणलेले मोठे होमर उडवता येत नाही. उडवले की ते ज्याच्याकडून आणले त्याच्या घरी निघून जाते, मग तुम्ही पैसे कितीही मोजलेले असोत. हे ऐकून निम्मी मुले हिरमुसून जिना उतरतात. जी थांबतात त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. कारण गच्ची त्यांची, धान्याचा खर्च त्यांचा आणि शेजाऱ्यांची बोलणीही त्यांनाच खावी लागतात.

कबुतरांचे खेळ दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. नव्या मुलाचा गोंधळ इथेच होतो. उत्तर हिंदुस्थानात जुना खेळ उडानीचा. थवा आपल्या छतावरून उडवायचा, तो किती उंच जातो, किती वेळ आकाशात राहतो ते पाहायचे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या छंदाला खास जागा दिली आहे. अकबराकडे वीस हजारांवर कबुतरे होती, त्यांतली पाचशे खास बादशहाची, आणि बादशहा या खेळाला इश्कबाजी म्हणत असे, असे तो लिहितो. आपल्याकडच्या जुन्या शौकिनांची भाषा अजून तीच आहे : छतरी, काबुक, उस्ताद, शागिर्द. ढाबळ हा आपला मराठी शब्द आता घरातल्या वडीलधाऱ्यांच्याच तोंडी ऐकू येतो. या खेळात दुसऱ्याचे पाखरू आपल्या थव्यात ओढून खाली उतरवणे ही मर्दुमकी समजतात. पकडलेले पाखरू परत द्यायचे की ठेवायचे, हे दोन छतांमधल्या नात्यावर ठरते.

दुसरा खेळ होमरचा. इथे पाखरू टोपलीत घालून लांब न्यायचे, सोडायचे आणि आपल्या ढाबळीवर त्याची वाट पाहायची. वाटेत ते कुणाच्याही छतावर दाणापाण्याला उतरू शकते. त्या छतवाल्याने ते ठेवून घेतले तर शर्यत नावाची गोष्टच उरत नाही. म्हणजे पहिल्या खेळात जी बहादुरी, ती दुसऱ्या खेळात चोरी. आमच्या भागात दोन्ही खेळांची छते शेजारी शेजारी आहेत. म्हणून नव्या मुलाला आम्ही आधी एवढेच विचारतो की दुसऱ्याचे पाखरू उतरले तर तू काय करशील? उत्तर लगेच यावे अशी अपेक्षा नसते.

आता पाखरू घरी येते कसे, ते पाहू. कबुतर दोन अंडी घालते आणि ती साधारण सतरा-अठरा दिवसांत फुटतात. नर आणि मादी दोघेही पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे घट्ट खाद्य भरवतात. महिन्याभराचे पिल्लू स्वतः दाणे टिपू लागते. ज्या छतावर ते पहिल्यांदा आकाश पाहते, पहिल्या गिरक्या घेते, ते त्याचे घर. पुढे ते सूर्याच्या स्थितीवरून दिशा ओळखते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही त्याला आधार असतो. १९७०च्या दशकात इटलीत पिसा येथील संशोधकांनी वासाचाही मोठा वाटा असतो असे मांडले. त्यावर शास्त्रज्ञांचे पुरते एकमत झालेले नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तर २००४ मध्ये दाखवून दिले की ओळखीच्या मुलखात कबुतरे चक्क रस्त्यांच्या कडेने उडतात आणि वळणावर वळतात. आग्रा-मुंबई रस्त्याचा आमच्या पाखरांना असाच उपयोग होत असेल, असे आम्हाला उगाच वाटते.

म्हणून आम्ही नव्या मुलाला मोठी जोडी देत नाही. आधी दोन महिने त्याने आमच्याच ढाबळीवर यायचे, सकाळी शाळेआधी. विष्ठा खरवडायची, पाण्याची भांडी घासायची, दाणे निवडायचे. तोंडाला मास्क बांधूनच, कारण विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते. ज्या मुलाला दमा आहे त्याला आम्ही सरळ नाही म्हणतो, आणि यात घासाघीस चालत नाही. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत केवढा वाद झाला, तो सर्वांनी पाहिला आहे. रस्त्यावरच्या कबुतरांना मूठमूठ दाणे फेकणे आणि मोजकी पाखरे स्वच्छ ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे. पण शेजाऱ्याच्या वाळवणावर घाण पडली तर तो हा फरक ऐकायला थांबत नाही.

दोन महिने टिकला तर त्याला चार पिल्ले मिळतात. चारच. ढाबळ उन्हापावसापासून आडोशाची, हवा खेळती, जाळी इतकी बारीक की मुंगूस शिरू नये आणि मांजराचा पंजा आत जाऊ नये. दाराला वरून लोंबत्या तारा लावायच्या : पाखराला बाहेरून ढकलून आत येता येते, आतून बाहेर जाता येत नाही. एका पाखराला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणे पुरतात. ज्वारी, बाजरी, मका, गहू आणि सोबत मटकी किंवा मसूर. विटेचा बारीक चुरा आणि शिंपल्यांचा चुराही हवा. दाणे उडानीनंतर घालायचे आणि घालताना डबा वाजवायचा. भरल्या पोटी उडवलेले पाखरू तुमच्या डब्याला भीक घालत नाही.

पहिले आठ-दहा दिवस पिल्लांना गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात नुसते बसवायचे, म्हणजे आजूबाजूची छते, झाडे, देवळांचे कळस त्यांच्या डोळ्यांत बसतात. मग घराभोवतीची उडान. ती रोज तासभर होऊ लागली की टोपली घेऊन राऊ. तिथून सगळी परत आली तर महू, पुढे मानपूर. दुसऱ्या बाजूला देवास, सोनकच्छ, आष्टा. एका दिशेला सवय लागली की तीच दिशा ठेवायची. धुक्याच्या सकाळी किंवा पावसाचे आभाळ असताना सोडायचे नाही. मे महिन्यात तर आम्ही लांबचे सोडणे बंदच ठेवतो. भर उन्हात पाखरे तासन्‌तास आकाशात ठेवण्याच्या पैजा लागतात, तिकडे आमच्या मुलांनी फिरकू नये. पैशाची पैज लागली की पाखराची तहान कुणाला दिसत नाही.

शर्यतीचा हिशेब मुलांना आवडतो, कारण त्यात गणित आहे. जो आधी घरी पोचला तो जिंकला असे नसते. प्रत्येकाची ढाबळ सोडण्याच्या जागेपासून वेगळ्या अंतरावर असते. समजा एकाची ढाबळ १५० किलोमीटरवर आहे आणि पाखरू १५० मिनिटांत आले. वेग मिनिटाला १००० मीटर. दुसऱ्याची १५३ किलोमीटरवर आणि पाखरू १५२ मिनिटांत आले. वेग सुमारे १००६ मीटर. दोन मिनिटे उशिरा येऊनही दुसरा जिंकला. म्हणून अंतर मीटरपर्यंत मोजतात आणि वेळ सेकंदापर्यंत.

पायातली रिंग पिल्लू आठवडाभराचे असतानाच घालावी लागते. ती अखंड असते; एकदा पंजा वाढला की निघत नाही. तिच्यावर वर्ष, क्रमांक आणि संस्थेची अक्षरे असतात. चेन्नई आणि बंगळूरला होमरच्या शर्यतींचे क्लब जुने आहेत. लांब पल्ल्यासाठी तिकडची पाखरे गाडीत घालून उत्तरेकडे नेतात आणि तिथून सोडतात. वाट चुकलेले, ससाण्याने बोचकारलेले किंवा नुसते दमलेले असे पाखरू कधी आपल्या छतावर उतरते.

अशा वेळी करायचे ते असे. आधी पाणी, मग थोडे बारीक दाणे. आपल्या पाखरांत सोडायचे नाही, कारण मान वाकडी करणारा आजार एका पाखरातून सगळ्या ढाबळीत पसरतो. वेगळ्या खोक्यात एक-दोन रात्री ठेवायचे. रिंग वाचून मालकाचा पत्ता लागला तर कळवायचे. बहुतेक मालक म्हणतात, धडधाकट असेल तर सोडून द्या, येईल. मग निरभ्र सकाळी उघड्या जागी सोडायचे. याच दोन रात्रींत कुणीतरी येऊन रिंगवाल्या पाखराचे चांगले पैसे सांगतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती रक्कम मोठी वाटते, आणि वाटणारच. पण ज्याने पाखरू विकले किंवा रिंग कापली, त्याला दिलेली चारही पिल्ले आम्ही परत आणतो. जुन्या शौकिनांपैकी काहींना हे फार कडक वाटते. होमरच्या खेळात दुसरी हमीच नाही. आपले पाखरूही कधीतरी परक्या छतावर उतरणार असते.

कबुतरांच्या या गुणावर सरकारही विसंबून राहिले आहे. ओडिशा पोलिसांची कबुतरसेवा १९४६ मध्ये लष्कराने दिलेल्या दोनशे कबुतरांवर सुरू झाली, आणि १९९९च्या महाचक्रीवादळात तारायंत्रे कोलमडली तेव्हा त्याच सेवेने निरोप पोचवले. आईवडील "याचा उपयोग काय" असे विचारतात तेव्हा आम्ही हे सांगतो. त्यांचे समाधान होतेच असे नाही.

संक्रांतीबद्दल थोडे. इंदुरात डिसेंबरच्या मध्यापासून आकाश पतंगांनी भरते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि पाखराचा पंख सांध्यापासून कापतो. म्हणून १५ डिसेंबर ते संक्रांतीनंतरचा आठवडा, आमची पाखरे आतच असतात. नव्या मुलांना हा महिना फार जड जातो. त्यांनी तेवढ्या काळात अंडी आणि पिल्ले यांची वही लिहावी.

यंदाची पिल्ले दिवाळीच्या आसपास दाणे टिपू लागतील. ज्याला हवी असतील त्याने आतापासून रोज सकाळी यायला लागावे. मास्क आणि जुने कपडे घेऊन यावे, आणि पहिल्या दिवशी आई किंवा वडील सोबत असावेत.